पीक विम्याचे फोटो काढून झाले, आता खरं सर्वेअरचं लायसन काढायचं आहे, कसं?

कपाशीवाला_वणी:
नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यातला, गाव राहू द्या. डिप्लोमा मेकॅनिकल, २०२१ पास. घरी सहा एकर कोरडवाहू, कपाशी आन तूर. दोन खरीप मी पीक विम्याचं काम केलं, म्हणजे कंपनीत नाही बरं, कंपनीनं ज्याले ठेका दिला त्या एजन्सीकडं. शेतकऱ्यानं ७२ तासात तक्रार टाकली की आपण गाडीवर जायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा, किती टक्के गेलं ते लिहायचं, सही घ्यायची, फॉर्ममागं पैसे. लोक 'सर्वेअर साहेब' म्हणून चहा पाजत आन विमा नाही आला की शिव्याही मलेच. २०२५ च्या खरीपापासून राज्यानं एक रुपयातला विमा बंद केला, भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतात पीक कापून उत्पन्न मोजतात ते) आणली, मग आमचं कामच संपलं.

आता मुद्दा. मार्चमध्ये आमच्या इकडं एका जिनिंगले (कपाशीतून सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात तो कारखाना) आग लागली. नागपूरहून एक माणूस आला, साधी पँट, हातात टेप आन जाडी वही. तीन दिवस तिथंच. जळक्या गाठी मोजून राहिला, वजनकाट्याच्या पावत्या मागून राहिला, पाण्याच्या टाकीवर चढून फोटो काढून राहिला. ज्या मालकासमोर गावात कोणी तोंड उघडत नाही तो त्याच्यामागं फाईल घेऊन फिरत होता. मले वाटलं, बे, हे काम पाह्यजे आपल्याले.

त्याले विचारलं तं एवढंच म्हणाला की लायसन लागते, हैदराबादहून भेटते. ते कसं काढतात, मेकॅनिकलवाल्याले चालते का, आन तालुक्यात राहून पोट भरते का हे सांगा. टेलिग्रामवर एक जण ४० हजारात 'ट्रेनिंगशिवाय डायरेक्ट लायसन' देतो म्हणते. बाबा म्हणतात त्यात बैलजोडीचा अर्धा पैसा होते, विचार करून दे.

विमा_सल्लागार_दारव्हा:
सोपं आहे भाऊ. २५ तासाचं ट्रेनिंग करा, आयसी ३८ ची परीक्षा द्या, आठ दिवसात कोड मिळतो. मी स्वतः काढला आहे. नंबर पाठवा.

जुना_सर्वेअर_अमरावती:
दारव्हेकर, तो एजंटचा रस्ता. एजंट विमा विकतो, सर्वेअर नुकसान मोजतो. पोराला भलत्या गाडीत बसवू नका.

वणीवाल्या, आधी तो टेलिग्रामवाला ब्लॉक कर. ट्रेनिंगशिवाय लायसन असा प्रकारच नाही. लायसन देते आयआरडीएआय, म्हणजे विमा नियामक, त्यांचं ऑफिस हैदराबादला, आणि अर्ज पोर्टलवरून ऑनलाईन होतो, मध्ये कुणी दलाल लागत नाही.

१९३८ च्या विमा कायद्यात ६४ यूएम म्हणून कलम आहे, आपली सगळी रोजीरोटी त्या कलमावर. ठराविक रकमेच्या वरचा क्लेम असेल तर लायसनवाल्या सर्वेअरचा रिपोर्ट घेतल्याशिवाय कंपनीला पैसे देता येत नाहीत. गाडीच्या क्लेमला ती रेघ ५० हजाराची, बाकीच्यांना १ लाखाची. त्याच्या खालचं काम कंपनी आपल्या माणसाकडून नाहीतर मोबाईलवरच्या फोटोवर उरकते. आता हे आपल्या भागाला कसं लागतं पहा. बंपर चेपला, मोटारसायकल पडली, असले बारके क्लेम पूर्वी आम्हाला यायचे, आता येत नाहीत. म्हणून नुसत्या मोटरवर तालुक्यात राहून घर चालेल हे डोक्यातून काढ.

लायसन एकच नसतं, खातेवार असतं. फायर, मोटर, इंजिनिअरिंग, मरीन कार्गो, मरीन हल, लॉस ऑफ प्रॉफिट, मिसलेनियस आणि क्रॉप. प्रत्येक खात्याला शिक्षणाची अट वेगळी. डिप्लोमा मेकॅनिकलला मोटर मिळतं. बाकी कशात बसतोस ते २०१५ चे सर्वेअर रेग्युलेशन उघडून त्यातल्या तक्त्यात स्वतः वाच, माझं ऐकून फॉर्म भरू नकोस. आणि क्रॉपच्या मागे तू लागू नको, ते कृषीवाल्यांचं.

क्रम असा की आधी गुरू शोधायचा. त्या खात्याचं लायसन असलेला सर्वेअर, जो तुला १२ महिने हाताखाली घेईल. मग ट्रेनी म्हणून रीतसर नोंदणी, नोंदणीच्या आधी कितीही वर्षं कुणाच्या मागे फिरलास तरी ते धरत नाहीत (माझ्याकडच्या एका पोराचे सात महिने असे वाया गेले, चूक माझी होती, मी फॉर्म पुढे ढकलत बसलो). परीक्षा मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची, एक पेपर सगळ्यांना आणि मग तुझ्या खात्यांचे. शिवाय आपली संस्था आहे आयआयआयएसएलए, तिची मेंबरशिप लागते. लायसन ३ वर्षांचं, मग रिन्यू.

यात अवघड परीक्षा नाही, अवघड गुरू मिळणं आहे. खरं सांगतो, आमच्यातले बरेच जण ट्रेनी घेत नाहीत कारण वर्षाने तोच पोरगा त्याच ब्रँच मॅनेजरच्या टेबलासमोर काम मागायला उभा असतो.

अ‍ॅग्री_पोरगा_अकोट:
क्रॉपबद्दल मी सांगतो, बीएस्सी अ‍ॅग्री आहे. आपल्याकडं गावात तीन वेगळे लोक येतात आन लोक तिघांलेही सर्वेअर म्हणतात. तलाठी, कृषी सहायक आन ग्रामसेवक येतात तो पंचनामा, ती सरकारची मदत, त्याचा विम्याशी संबंध नाही. दुसरा म्हणजे तुमच्यासारखा एजन्सीचा पोरगा. आन तिसरा तो जिनिंगवाला, खरा लायसनवाला. दोन नंबरच्या कामाचा अनुभव लायसनच्या ट्रेनिंगमध्ये धरतील या भ्रमात मीही होतो. नाही धरत. रानडुकराच्या नुकसानीचं कव्हर २०२६ च्या खरीपापासून येणार असं केंद्रानं जाहीर केलं, त्यातून पुन्हा फोटो काढायचं काम निघालं तर निघालं, पण ते हंगामी, त्याच्या भरवशावर लग्न ठरवू नका.

जिनिंगवाला_हिंगणघाट:
टेबलाच्या या बाजूचं पण ऐका मग. आमच्याकडे चार वर्षांमागे आग लागली. कपाशीत कुठून तरी लोखंडाचा तुकडा आला, जिनमध्ये ठिणगी पडली आणि रुईचा ढीग पेटला. रुईची आग वरून विझली वाटते आणि आतून दोन दोन दिवस धुमसत राहते, गाठ फोडली की पुन्हा जाळ. सर्वेअर आला पाचव्या दिवशी. म्हणे जळालेला माल जसाच्या तसा ठेवा. अहो धुमसणारा माल जसाच्या तसा कसा ठेवायचा, शेजारच्या शेडमध्ये चांगल्या गाठी आहेत! आम्ही हलवला तर रिपोर्टमध्ये लिहिलं की पुरावा हलवला.

आणि पैसे अर्धेच आले. माल होता दोन कोटीचा, पॉलिसी एक कोटीची, जळाला ४० लाखाचा, हातात २० च्या आसपास. सर्वेअरच्या नावानं लई बोटं मोडली. म्हणून म्हणतो, या धंद्यात येणाऱ्यानं कातडी जाड ठेवावी.

जुना_सर्वेअर_अमरावती:
हिंगणघाटकर, माल हलवण्याबद्दल तुमचंच बरोबर. नुकसान वाढू न देणं हे विमा घेणाऱ्याचं कामच आहे, हलवण्याआधी फोटो, व्हिडिओ आणि वजन घेतलं असेल तर कुणी चांगला सर्वेअर त्यावर बोट ठेवत नाही. पण अर्ध्या पैशाचं पाप सर्वेअरच्या डोक्यावर नका मारू. निम्म्याच मालाचा विमा घेतला तर निम्मं नुकसान तुमचं स्वतःचं, ती अ‍ॅव्हरेजची अट पॉलिसीतच छापलेली असते. २०२१ पासून छोट्या उद्योगांच्या ज्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा वगैरे पॉलिसी आल्या त्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, ५० टक्क्यांची कोण करणार? आणि रिपोर्ट पटला नाही तर कॉपी मागा, भांडा. सर्वेअरचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे असं सुप्रीम कोर्टानंच २००९ मध्ये म्हटलेलं आहे.

वणीच्या पोरा, तो माणूस तीन दिवस काय करत होता ते सांगतो, त्यावरून तुला हे काम झेपेल का कळेल. समज मालक म्हणाला ४०० गाठी जळाल्या. राख कोण मोजणार? आपण कपाशीच्या खरेदीकडून येतो. बाजार समितीच्या पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या, सगळं जोडून निघाली १,५०० क्विंटल. १७० किलोच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल कपाशी लागते, म्हणजे सगळी कपाशी जिनली असली तरी गाठी झाल्या ३००. त्यातून जीएसटीच्या बिलावर विकलेल्या ९० वजा. उरल्या २१०. मग वीजबिल पाहायचं, त्या महिन्यात जिन खरंच तेवढे तास चालली का. मग उभ्या राहिलेल्या चांगल्या गाठी मोजायच्या. आणि मग मालकासमोर बसून शांतपणे विचारायचं की भाऊ, ४०० कुठून आल्या? कधी कधी खरंच दुसऱ्या गोदामाची वही निघते आणि मालक बरोबर ठरतो. दोन्ही वेळा तुझा चेहरा सारखाच राहिला पाहिजे. जेवायला बसा म्हणतील, डबा घरून न्यायचा.

ट्रेनी_ताई_वर्धा:
मी सध्या ट्रेनी आहे, नववा महिना, मोटर. कोणी पैशाचं बोलत नाहीये म्हणून मी बोलते. सर मला पेट्रोलचे देतात, बाकी काही नाही. वर्षभर घरच्यांच्या जीवावर काढायची तयारी ठेवा नाहीतर सोबत काहीतरी करा, मी संध्याकाळी ट्यूशन घेते. लायसन आल्यावरही लगेच कामं पडत नाहीत, कंपन्यांच्या पॅनेलवर नाव लागावं लागतं, त्यासाठी नागपूरच्या ऑफिसांच्या चकरा. फी कंपनी देते, क्लेमवाल्याकडून एक रुपया घ्यायचा नाही, आणि ती फी पण निवांत येते.

कामात मजा मात्र आहे. पहिल्या आठवड्यात गॅरेजवाले माझ्याशी बोलायचेच नाहीत, सरांना फोन लावायचे. मग एकदा एका ट्रॅक्टरच्या एस्टिमेटमध्ये मी जुनी घासलेली क्लच प्लेट पकडली, त्याचा अपघाताशी काय संबंध विचारलं, तेव्हापासून 'मॅडम चहा'. डेप्रिसिएशनचा (पार्ट जुना झाल्याबद्दलची कपात) तक्ता पाठ करा, रबर नायलॉन प्लास्टिकला ५० टक्के कापायचे, काचेला काही नाही, पत्रा लोखंडाला गाडीच्या वयाप्रमाणे. खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. आणि आपल्याकडचे ट्रॅक्टरचे क्लेम बहुतेक मडगार्डवर बसलेल्या माणसापाशी अडकतात. शेतीच्या वापराची पॉलिसी आणि वर सहा जण वरातीला. अशा वेळी घरातल्या बायका आपल्याकडे पाहतात ना, ते पुस्तकात नाही.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर सांगते, माझं सगळं शिक्षण मराठी मिडीयमचं, पेपर मी इंग्रजीतूनच दिला, दुसऱ्यांदा निघाला.

कपाशीवाला_वणी:
सगळ्यांचे लई आभार. टेलिग्रामवाल्याले ब्लॉक केलं, तं तो दुसऱ्या नंबरवरून ३० हजारात देतो म्हणून राहिला. बाबाले ट्रेनीचं वर्ष बिनपगारी आहे सांगितलं, ते काही बोलले नाही, मग रात्री जेवताना म्हणाले की आगीत जळालेलं मोजणाऱ्याले पैसे भेटतात आन पिकवणाऱ्याले नाही, जा मग.

जुने सर, तुम्ही ट्रेनी घेता का? मोटर चालेल. अमरावतीले खोली करून राहीन, नाहीतर येणं जाणं करीन. तुमच्या टेबलासमोर उभा राहणार नाही, माझा इलाका वणी, पांढरकवडा, तुमचा तुम्हाले.

जुना_सर्वेअर_अमरावती:
इलाक्याचं नंतर पाहू. मी सध्या कुणाला घेत नव्हतो. सोमवारी सकाळी नऊच्या आत ये, डिप्लोमाच्या सगळ्या मार्कशीट ओरिजिनल आण आणि आधार. पहिला महिना फक्त माझ्यामागे फिरायचं आणि वही लिहायची, पण या वेळी नोंदणीचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरू. बडनेऱ्याच्या पुढे एक गोदाम जळालंय, तिथूनच सुरुवात. चप्पल घालून येऊ नको.

कपाशीवाला_वणी:
हो सर. बूट नाही, पण घेतो.

जिनिंगवाला_हिंगणघाट:
जाड तळाचा घे बे. खाली गाठी बांधायच्या पट्ट्यांचे लोखंडी तुकडे पडलेले असतात, रबर वितळून जाते.