‘वरून’ या एका शब्दासाठी इंग्रजीत किती शब्द?

प्रश्न : एक पालक, धरमपेठ, नागपूर
माझी मुलगी मराठी माध्यमात आठवीत आहे. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचे इंग्रजीत वर्णन करताना, बस दीक्षाभूमीवरून जाते यासाठी तिने ‘द बस गोज ओव्हर दीक्षाभूमी’ असे लिहिले. बाईंनी लाल रेघ ओढली, पण कारण लिहिले नाही. पुलावरून जाण्याला ‘ओव्हर’ चालते, मग इथे का नाही, या तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षक, महाल
ताई, चुकीचे मूळ आपल्या ‘वरून’मध्ये आहे. एखाद्या वस्तूच्या माथ्यावरून जाणे आणि वाटेत तिच्या समोरून पुढे जाणे, या दोन्हींना आपण ‘वरून’च म्हणतो, इंग्रजी वाचकाला मात्र ‘ओव्हर’ वाचताच बस स्तूपाच्या घुमटावरून उडताना दिसते. तिथे ‘पास्ट’ हवे. गड्डीगोदामला रस्ता रुळांखालून, उड्डाणपूल रुळांवरून आणि मेट्रो त्याच्याही वरून जाते, तिथे ‘ओव्हर’ बिनधास्त लिहावे. ‘नागपूरहून वर्ध्यावरून यवतमाळला’ यातले ‘वरून’ म्हणजे ‘व्हाया’, आणि ‘बर्डीवरून भाजी आणली’ यातले ‘फ्रॉम’.

मी वर्गात शब्दांच्या याद्या पाठ करून घेत नसे, फळ्यावर बाण काढायला लावत असे. महाराजबागेच्या आत शिरून पलीकडे निघणारा बाण ‘थ्रू’, कस्तुरचंद पार्कचे मोकळे मैदान या कडेपासून त्या कडेपर्यंत ओलांडणारा ‘अक्रॉस’, आणि अंबाझरीच्या काठाकाठाने चालणारा ‘अलाँग’. बाण बरोबर काढणारे मूल सहसा शब्द चुकत नाही.

उत्तर : स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी
सरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु मराठीच ढिसाळ आहे असा मुलीचा समज होऊ नये. ‘द कॅट रॅन अंडर द टेबल’ या वाक्यावरून मांजर टेबलाखाली जाऊन बसले की खालून पलीकडे गेले, हे कळत नाही. आपण मात्र ‘टेबलाखाली’ आणि ‘टेबलाखालून’ यांतला फरक एका प्रत्ययाने दाखवतो. माझी स्वतःची अडचण ‘ला’ची होती. ‘स्टेशनला पोहोचलो’ या सवयीने मी कित्येक वर्षे ‘रीच्ड टू द स्टेशन’ लिहीत होते, आणि ‘रीच’ला ‘टू’ लागतच नाही.

प्रश्नकर्ती
बाणाची युक्ती तिला पटली, ‘पास्ट’ कायमचे लक्षात राहील असे दिसते. आता तिची नवी शंका अशी, की मेट्रोतून उतरणे आणि ऑटोतून उतरणे या दोन्हींना एकच शब्द चालेल का?

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षक, महाल
चालणार नाही. मेट्रो, बस, रेल्वे अशा आत उभे राहून चालता येणाऱ्या वाहनांतून उतरताना ‘गेट ऑफ’, आणि ऑटो किंवा मोटारीतून वाकून बाहेर पडताना ‘गेट आउट ऑफ’. स्कूटरवरून उतरतानाही मात्र ‘गेट ऑफ’च, कारण तिच्यावर आपण बसतो, आत शिरत नाही.