मदत हवी आहे : मांडीतली सार्कोमाची गाठ त्याच जागी परत आली, आता पुढे?

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

वडील (अण्णा), वय ६३, निफाडकडे द्राक्षबाग. मी नाशिकला इंदिरानगरात. दोन वर्षांपूर्वी उजव्या मांडीतली गाठ एका दवाखान्यात 'चरबीची आहे' म्हणून काढली. आधी ना एमआरआय, ना बायोप्सी. रिपोर्ट आला : सॉफ्ट टिश्यू सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ भागांचा कॅन्सर), ग्रेड २ (मध्यम जहाल), मार्जिन पॉझिटिव्ह (म्हणजे कापलेल्या कडेलाही कॅन्सरच्या पेशी). मग दुसरं ऑपरेशन आणि ३३ वेळा रेडिएशन.

गेल्या महिन्यात आंघोळ करताना व्रणाच्या खालच्या टोकाला काहीतरी टणक हाताला लागलं. कुणाला न सांगता अण्णांनी द्राक्षमणी मोजायची पट्टी लावून बघितली आणि आईला म्हणाले, "अठरा एमेम भरतोय, एक्सपोर्टला चालंल." आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

बायोप्सीत तोच आजार निघाला. छातीचा सीटी मात्र स्वच्छ आहे. पुढच्या बुधवारी परळला टाटामध्ये दाखवायचंय.

घरात वाद पेटलाय. काका म्हणतात, "परत आला म्हणजे पसरला. पायच काढा, मुळासकट जाईल." मला कळत नाही ते हे : त्याच जागी परत आल्यानेच आयुष्य कमी होतं का? की आजार मुळात जहाल असतो, म्हणून तो परतही येतो आणि फुफ्फुसातही जातो?

प्रतिसाद :
मी डॉक्टर नाही. बहिणीच्या आजारपणात चार वर्षं याच गोष्टी वाचत होतो, त्यावरून लिहितो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. गाठ परत आलेल्यांमध्ये पुढे आजार पसरण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं. पण कारण कुठलं आणि खूण कुठली, इथे घोडं अडतं. काकांना मात्र १९८२ सालचा अमेरिकेतला अभ्यास सांगा. हातापायाचा सार्कोमा असलेले ४३ रुग्ण होते. १६ जणांचा अवयव काढला, २७ जणांचा वाचवून रेडिएशन दिलं. अवयव वाचवलेल्यांपैकी चौघांची गाठ त्याच जागी परत आली, काढलेल्यांपैकी एकाचीही नाही. तरी जगण्यात म्हणावा असा फरक पडला नाही! पुढे १९९८ मध्ये १४१ रुग्णांच्या अभ्यासातही तसंच दिसलं : ऑपरेशननंतरच्या रेडिएशनने गाठ परत येणं घटलं, आयुष्यमान जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे पाय काढला की आजार संपला, असं गणित नाही. मुख्य भीती फुफ्फुसाची, आणि ती ग्रेड, गाठीचा आकार, खोली यांवर जास्त ठरते. गाठ किती लवकर परत आली तेही बघतात.

पण म्हणून ही गाठ किरकोळ समजू नका. ती मज्जातंतूला किंवा रक्तवाहिनीला भिडली तर पाय वाचवणं अवघड होतं. आणि हे सगळं हातापायापुरतं. बहिणीचा सार्कोमा पोटामागच्या जागेतला होता. तिथे पुरेसं मार्जिन (गाठीभोवतीची निरोगी कड) मिळत नाही, आणि परत आलेली गाठच जिवावर उठते.

जाताना मांडीचा ताजा एमआरआय, दोन्ही ऑपरेशनच्या नोट्स, रेडिएशनचा पूर्ण हिशेब (किती ग्रे, म्हणजे किती मात्रा, आणि कुठवर) आणि जुन्या गाठीचे ब्लॉक-स्लाइड (लॅबने मेणात जपलेले तुकडे आणि काचपट्ट्या) न्या. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. एकदा रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा देता येईल का आणि जखम भरेल का, हे आवर्जून विचारा.

धागाकर्ता :
मनापासून आभार. तो ४३ जणांचा हिशेब काकांना वाचून दाखवला. गप्प झाले, पटलं असं नाही. ब्लॉकसाठी लॅबला अर्ज दिलाय, उद्या मिळतील म्हणाले.

आता एकच : पंचवटीने दादरला उतरू, पण दोन-तीन दिवस राहावं लागलं तर परळच्या आसपास स्वस्तात सोय कुठे होईल? आम्ही दोघंच आहोत. काकांना बागेवर ठेवतोय.