उन्हाळा, जुन्या गाड्या अन् बाकी सारं : अनुभव लिहा

जुनागिअर
काल भरदुपारी नागपूरच्या व्हरायटी चौकात एक पद्मिनी (जुनी फियाट गाडी) बॉनेट उघडून उभी. लोक रेडिएटरवर पाणी ओतून राहिले, अन् टेंपरेचरचा काटा मधातच, म्हणजे इंजिन उकळलेलं नाहीच! जुनं सारं आठवलं, म्हणून धागा. गाडी, कूलर, रेडिओ, जे हाताळता ते लिहा.
सुरुवात करतो. चालता चालता झटके देऊन बंद पडली तर पेट्रोलची वाफ पंपात अडकलेली असते. पंप इंजिनलाच बसवलेला, म्हणून तापतो. त्यावर ओलं फडकं टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. उभी केल्यावर परत सुरू होईना अन् पेट्रोलचा वास येतो, ते प्रकरण वेगळं. कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळीत, उतरलेलं असते. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबून धरा अन् सेल्फ मारा. पाय वरखाली केला की अजून पेट्रोल जाऊन गाडी अजून ओली.

वर्धारोड
पंपाखालची बेकलाइटची जाड पॅकिंग आहे का पहा. मिस्त्री ती फेकून नुसतं कागदी गॅस्केट लावतात. उष्णता सरळ पंपात जाते, वर पंप चालवणारा दांडा जास्त बाहेर येऊन डायफ्राम (पंपातला रबरी पडदा) ताणला जातो.

संत्रीबाग
पंपात वाफ होऊ नये म्हणून पेट्रोलच्या पाइपला कपड्याचे लाकडी चिमटे लावतात, त्याचं काय जी?

वर्धारोड
त्याने कपडे वाळतात राजेहो. 😄 पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवा, तेच खरं.

टॅपेट
गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, अन् पेट्रोल तर बरोबर येऊन राहिलं? मग ठिणगीचं काम करणारा कंडेन्सर नाहीतर कॉइल. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) उघडून पाहा, काळे-जळके असतील तर कंडेन्सरवर पहिला संशय. पॉइंटमधला गॅप साधारण ०.४ मिमी, फीलर गेजनेच (गॅप मोजायच्या पट्टीने), ब्लेडच्या पात्याने नाही. ठिणगी निळसर-पांढरी हवी, पिवळी-बारीक नको.

मोहननगर
फॅन बेल्ट विसरले सारे. मधोमध अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर दबावा. सैल बेल्टने वॉटर पंपही मंदावतो, सिग्नलला हमखास उकळते. अन् गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, बाप्पा!

जुनागिअर
इथेनॉलचंही लिहा कोणी. २० टक्केवालं पेट्रोल जुन्या गाडीत.

टॅपेट
जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. पाइप अन् पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारा घ्या. टाकीतला जुना गाळही सुटतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, ओलावा धरतो.

ताईसाहेब
गाड्यांचं मला कळत नाही. कूलरचा पंखा हळू का झाला ते सांगा! पाणी तर येतेच.

मोहननगर
ताई, बहुतेक कॅपॅसिटर. प्लग काढा, जुन्यावर जेवढे एमएफडी (मायक्रोफॅरड, त्याची क्षमता) लिहिलेत तेवढ्याचाच आणा. पंखा हाताने जड फिरत असेल तर बुशमध्ये तेल. अन् हवा जायला समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा.

ताईसाहेब
अन् वाळ्याच्या ताट्या?

संत्रीबाग
सुगंध छान, पण बोअरच्या पाण्याने क्षार चढून कडक होतात. टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासा, डासांसाठीही तेच. कोणी जुन्या रेडिओच्या डायलची दोरी बसवून देते का, इतवारीत?

वर्धारोड
आधी फोटो टाका, दोरी कोणत्या पुलीवरून जाते त्यावर आहे. स्प्रिंग तुटली असेल तर तीच शोधावी लागते.