केडन बूझरची तुलना ड्यूकच्या नेमक्या कोणत्या पॉइंट गार्डशी करावी?

प्रश्न

ड्यूक विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघात २०२५-२६ च्या हंगामासाठी केडन बूझर दाखल झाला आणि तेव्हापासून त्याला कोणत्या जुन्या पॉइंट गार्डच्या (चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्या खेळाडूच्या) पंक्तीत बसवायचे, यावर चाहत्यांमध्ये वाद रंगला आहे (ही चर्चा हंगाम सुरू होण्यापूर्वीची आहे). मायामीच्या कोलंबस हायस्कूलने सलग चार वेळा राज्य अजिंक्यपद मिळवले तेव्हा तो आणि त्याचा जुळा भाऊ कॅमेरॉन या संघाचे आधारस्तंभ होते. वडील कार्लोस बूझर हे २००१ च्या ड्यूकच्या राष्ट्रीय विजेत्या संघातले, त्यामुळे अपेक्षांचे ओझे घेऊनच हा मुलगा ड्यूकच्या गावी, डरहॅमला, आला आहे. काही जण थेट बॉबी हर्लीचे नाव घेतात, काही कायरी अर्व्हिंगचे.

मला ही दोन्ही नावे गैरलागू वाटतात. हर्लीने चार वर्षांत १,०७६ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) केले आणि तो विक्रम तीन दशकांहून अधिक काळ टिकला, तर अर्व्हिंग पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे जेमतेम अकरा सामने खेळला आणि तरीही २०११ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. एक टोक दीर्घ कारकिर्दीचे आणि दुसरे अफाट नैसर्गिक प्रतिभेचे. केडन या दोहोंपैकी कोणत्याच साच्यात बसत नाही. चेंडू जपणारा, आधी पास शोधणारा, अंगाने भक्कम पण उडी किंवा वेग यांनी डोळे दिपवणार नाही असा तो गार्ड आहे. मग योग्य तुलना कोणती? जाणकारांनी केवळ नावे न सुचवता कारणेही द्यावीत, ही विनंती.

प्रतिसाद १

माझ्या मते २०१५ चा टायस जोन्स हे सर्वांत जवळचे उदाहरण आहे. टायस आणि सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) जलील ओकाफोर यांनी एकाच विद्यापीठात खेळायचे हे आधीच ठरवले होते आणि दोघांनी ड्यूकची निवडही एकाच दिवशी जाहीर केली. परिणामी पहिल्या सरावापासूनच गार्डला आपल्या मोठ्या खेळाडूला चेंडू कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या हाताला हवा असतो, हे ठाऊक होते. केडन आणि कॅमेरॉन यांचे नाते तर त्याहून जुने, जन्मापासूनचे. पिक अँड रोलमध्ये (सहकाऱ्याने बचावपटूला अडवून मग बास्केटकडे वळण्याच्या चालीत) इतरांना जी समज यायला एक हंगाम लागतो, ती हे दोघे घरूनच घेऊन आले आहेत.

दुसरे साम्य संघाच्या रचनेत आहे. टायस आला तेव्हा क्विन कुक हा चौथ्या वर्षाचा अनुभवी गार्ड संघात होता आणि त्यापूर्वी चेंडू प्रामुख्याने त्याच्याच हाती असे. कुकने मनाचा मोठेपणा दाखवून चेंडूची सूत्रे नव्या मुलाकडे सोपवली आणि स्वतः बाजूला राहून नेमबाजी केली. २०२५-२६ मध्ये त्याच जागी तिसऱ्या वर्षाचा केलेब फॉस्टर आहे. विस्कॉन्सिनविरुद्धच्या २०१५ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात ड्यूक दुसऱ्या सत्रात नऊ गुणांनी मागे होता, ओकाफोर फाउलच्या अडचणीमुळे बराच वेळ बाकावर होता, आणि तरीही टायसने आपल्या २३ पैकी १९ गुण मध्यंतरानंतर मिळवून सामना ६८-६३ असा फिरवला. थंड डोक्याचा फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) गार्ड काय करू शकतो, याचा यापेक्षा चांगला दाखला मला आठवत नाही.

प्रतिसाद २

टायसचे उदाहरण आकर्षक आहे, परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे केडन पहिल्याच दिवसापासून सुरुवातीच्या पाच जणांत असेल आणि संघ त्याच्या हाती सोपवला जाईल. टायस प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून खेळला. केडनच्या बाबतीत हे अजिबात निश्चित नाही. म्हणून मी २००१ च्या क्रिस ड्युहॉनचे नाव सुचवतो.

त्या वर्षी जेसन विल्यम्स हा दुसऱ्या वर्षाचा गार्ड संघाचा अनभिषिक्त राजा होता. मेरीलँडच्या मैदानावर शेवटच्या मिनिटात दहा गुणांची पिछाडी असताना त्याने काही सेकंदांत आठ गुण केले, सामना जादा वेळेत गेला आणि ड्यूकने तो ९८-९६ असा जिंकला, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. अशा खेळाडूच्या सावलीत ड्युहॉन पहिल्या वर्षी मुख्यतः बाकावरून येत असे. फेब्रुवारीच्या अखेरीस, पुन्हा मेरीलँडविरुद्धच, पण या वेळी घरच्या मैदानावर, संघाच्या सेंटरच्या पायाचे हाड मोडले. तो सेंटर म्हणजे कार्लोस बूझर. मुलाच्या तुलनेचा धागा वडिलांच्या दुखापतीपाशी जाऊन पोहोचावा, हा योगायोग मला फार गमतीशीर वाटतो.

त्यानंतर ड्यूकचे तेव्हाचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांनी केले ते महत्त्वाचे आहे. उंच खेळाडूच्या जागी केवळ दुसरा उंच खेळाडू आणून न थांबता त्यांनी ड्युहॉनलाही सुरुवातीच्या पाचांत आणले, दोन चेंडू हाताळणारे गार्ड एकत्र उभे केले, खेळाचा वेग वाढवला आणि तीन गुणांच्या फेकींवर भर दिला. चॅपेल हिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनाला ९५-८१ असे हरवून या रचनेची सुरुवात झाली आणि शेवट ॲरिझोनाविरुद्ध ८२-७२ अशा राष्ट्रीय विजयाने झाला. ड्युहॉनमुळे विल्यम्सला चेंडू वर आणण्याच्या कष्टातून मोकळीक मिळाली आणि तो गुण मिळवण्यासाठी ताजातवाना राहिला. ड्युहॉनचे खरे मोल या मोकळिकीत होते, आणि ते त्याच्या स्वतःच्या आकड्यांत फारसे दिसत नाही.

केडनकडूनही मला नेमकी हीच अपेक्षा आहे. २०२४-२५ च्या हंगामात गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक या पाचही बाबतींत संघात पहिला क्रमांक कूपर फ्लॅगचा होता. फॉरवर्ड खेळाडू असिस्टमध्येही आघाडीवर असणे हे त्याच्या थोरवीचे लक्षण आहे, पण तितकेच ते संघात शुद्ध पॉइंट गार्डची उणीव असल्याचेही लक्षण आहे. सॅन अँटोनियोतल्या, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटात सहा गुणांची आघाडी होती. ह्यूस्टनने तीन गुणांची एक फेक यशस्वी केली, लगेच बाहेरून आत टाकलेला आपला पास चोरीला गेला, त्यातून डंक झाला, मग फ्री थ्रो हुकला आणि सामना ७०-६७ असा हातचा गेला. अशा क्षणी बचावपटूला चकवून मोकळ्या जागेत चेंडू घ्यायला येणारा आणि घेतल्यावर तो न गमावणारा एक माणूस लागतो. रोज पंधरावीस मिनिटे हे काम केडनने चोख केले, तर तो सुरुवातीला खेळतो की नंतर येतो, याला मी फारसे महत्त्व देणार नाही.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसादांत बाहेरच्या नेमबाजीचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटते. केडनबद्दल सर्वाधिक शंका घेतली जाते ती याच बाबतीत, आणि म्हणून मला टायसपेक्षा त्याचा धाकटा भाऊ ट्रे जोन्स अधिक आठवतो.

२०१८-१९ मध्ये ट्रे फ्रेशमन होता. बचाव उत्कृष्ट, टर्नओव्हर (चेंडू गमावणे) अत्यल्प, पास अचूक, पण तीन गुणांच्या फेकींत यश साधारण २६ टक्के. झायन विल्यमसन आणि आर. जे. बॅरेट यांच्यासारखे खेळाडू सोबत असताना ही उणीव झाकली जाईल, असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात उलटे झाले. राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत सेंट्रल फ्लोरिडाच्या प्रशिक्षकांनी साडेसात फूट उंचीच्या टॅको फॉलला नावापुरते ट्रेवर नेमले आणि प्रत्यक्षात बास्केटखाली उभे केले. ट्रे तीन गुणांच्या कमानीबाहेर एकटा मोकळा, आणि झायनसमोर मात्र भिंत. ट्रेच्या बहुतेक फेकी हुकल्या आणि ड्यूक ७७-७६ असा अक्षरशः थोडक्यात वाचला. ते प्रशिक्षक होते जॉनी डॉकिन्स, म्हणजे ड्यूकचाच एक महान गार्ड. दुखरी नस कुठे आहे, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

कॅमेरॉन हा बास्केटजवळ चेंडू घेऊन खेळणारा फॉरवर्ड आहे. केडनला कोणी मोकळे सोडले, तर त्याचा पहिला फटका भावालाच बसेल. जुळ्या भावांच्या समजुतीचे कौतुक जरूर करावे, पण प्रतिस्पर्धी प्रशिक्षक २०१९ च्या त्या सामन्याचा व्हिडिओ पाहणार आहेत हे विसरू नये. ट्रेने दुसऱ्या वर्षी फेक सुधारली, एसीसीचा (ड्यूक ज्या विद्यापीठ-गटात खेळते त्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि चॅपेल हिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यात मुद्दाम हुकवलेला फ्री थ्रो स्वतःच पकडून घड्याळ संपता संपता बरोबरी साधली. मात्र त्यासाठी त्याला दुसरे वर्ष थांबावे लागले.

प्रश्नकर्ता

तीनही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. ड्युहॉनचे नाव माझ्या मनातही आले नव्हते आणि आता तेच सर्वांत पटते. नेमबाजीचा आक्षेप रास्त आहे, तथापि या संघात आयझाया इव्हान्ससारखा नेमबाज असल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना २०१९ इतके निर्धास्तपणे आत गोळा होता येईल, असे वाटत नाही. एक शंका उरते. पहिल्या वर्षी बाकावरून यावे लागल्यास अशा नावाजलेल्या मुलाची मनःस्थिती कशी राहील? आणि प्रशिक्षक जॉन शायर हे कसे हाताळतील?

प्रतिसाद २ (पुन्हा)

शायर यांच्याबाबतीत मी निश्चिंत आहे, कारण ते स्वतः मुळात नेमबाज गार्ड होते. २००९ च्या हंगामात मध्येच त्यांच्याकडे पॉइंट गार्डची जबाबदारी आली आणि पुढच्या वर्षी त्यांनी बटलरविरुद्ध ६१-५९ असे विजेतेपद मिळवले. हंगामाच्या मध्यावर भूमिका बदलणे म्हणजे काय, हे त्यांना कोणा पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

मनःस्थितीबद्दल मात्र हर्लीचा विषय निघालाच आहे, तर त्याचे पहिले वर्ष पाहावे. आपण त्याचे दोन विजेतेपदांचे चित्र मनात ठेवतो, पण १९९० च्या अंतिम सामन्यात पोट बिघडलेल्या अवस्थेत खेळणाऱ्या हर्लीच्या संघाला यूएनएलव्हीने (लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठाने) १०३-७३ असे धुऊन काढले होते. चूक झाली की हात झटकायचे, तोंड वाकडे करायचे आणि पंचांकडे रागाने पाहायचे, ही त्याची सवय संघाला जाचू लागली, तेव्हा प्रशिक्षकांनी त्याच्या अशा चेहऱ्यांचीच एक ध्वनिचित्रफीत तयार करून त्याला दाखवली. पुढच्या वर्षी त्याच यूएनएलव्हीविरुद्ध उपांत्य सामन्यात शेवटच्या अडीच मिनिटांत पाच गुणांची पिछाडी असताना तीन गुणांची निर्णायक फेक टाकणारा हर्ली हा वेगळा माणूस होता आणि ड्यूकने तो सामना ७९-७७ असा जिंकला.

तेव्हा ४ नोव्हेंबर २०२५ ला शार्लटमध्ये टेक्सासविरुद्ध केडनचे गुण किती होतात, हे मी मोजणार नाही. कॅमेरॉन विश्रांतीसाठी बाकावर गेल्यानंतरची तीन-चार मिनिटे मी बघेन: भाऊ मैदानात नसताना तो चेंडू कोणाला देतो, आणि तो पास हुकला तर मागे बचावाला धावतो की पंचांकडे बघतो.