मदत हवी आहे: घोटी ते ओतूर सायकलने, ६८ वर्षांच्या वडिलांबरोबर

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबांना घेऊन अकोले तालुक्यात सायकलने फिरायचं ठरतंय. रस्ता आखायला तुमची मदत हवी आहे. पोस्ट लांबली आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. नोकरीची पहिली नऊ वर्षं ते राजूरच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सगळी फिरती सायकलवर. कॅरिअरला औषधाची पेटी बांधायची आणि वाडीवाडीवर जायचं. डांगी गाईबैलांबद्दल ते आजही तासभर बोलू शकतात: भर पावसात ही जनावरं कशी उभी राहतात, त्यांच्या कातडीला हात लावला तर कसा तेलकट लागतो. पुढे कल्याणला बदली झाली आणि सायकल सुटली ती सुटलीच. आई गेल्यावर दोन वर्षं ते घरातच बसून होते. यंदा मार्चमध्ये एके दिवशी आपणहून म्हणाले, "एकदा कोतूळच्या रस्त्याने जायचंय. गाडीने नाही."

तेव्हापासून आम्ही दोघं दर रविवारी सायकल चालवतोय. कल्याणहून मुरबाडपर्यंत जाऊन परत येणं आता त्यांना जमतं. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आहे. उजवा गुडघा मात्र चढावर कुरकुरतो.

मनातला रस्ता असा: लोकलने कसारा, तिथून काहीतरी करून घोटी, मग बारी, शेंडी (भंडारदरा), राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा आणि ओतूर. ओतूरहून जुन्नरला जाऊन शिवनेरीच्या पायथ्याशी शेवट.

माझे प्रश्न:

कसारा घाट सायकलने चढायचा नाही, हे पक्कं आहे. ट्रकांची रांग आणि बाबांचा वेग, दोन्हीची मला भीती वाटते. कसारा स्टेशनाबाहेरच्या जीपवाले टपावर दोन सायकली घेतात का?

दिवस किती धरावेत? मी चार धरले होते, बाबा म्हणतात तीन पुरे. ते अजून तिशीतल्या पायांचा हिशेब करतात.

गिअरबद्दलही विचारायचं आहे. बाबांच्या हायब्रिड सायकलला पुढे सगळ्यात लहान चक्र ३८ दातांचं आणि मागे सगळ्यात मोठं २८ दातांचं आहे. सामानासकट घाट चढायला एवढं पुरेल का? त्यांची जुनी काळी सायकल पुढे ४४, मागे १८ अशी होती आणि तिच्यावरून ते हेच रस्ते चढले, त्यामुळे त्यांना हा प्रश्नच पटत नाही. मी विचारलं, "सगळे घाट बसून चढायचात?" तर जरा थांबून म्हणाले, "निम्मे ढकलतच न्यायचो."

आणि ब्रेक. मागच्या रविवारी एका लांब उतारावर ते मागचा ब्रेक सतत दाबून खाली आले. घरी येऊन बघितलं तर एका बाजूचं रबर झिजून आतला पत्रा दिसत होता आणि रिमवर नखाने चाचपता येईल असा ओरखडा पडला होता. पंधराच दिवसांपूर्वी दुकानातून सर्व्हिसिंग करून आणली होती. रबरं संपत आली आहेत हे तिथे कोणीही सांगितलं नाही. आता मी स्वतः बदलायला शिकले आहे. पण घाट उतरताना ब्रेक कसे वापरायचे हे त्यांना पटेल अशा शब्दांत कोणी सांगेल का? माझं ऐकत नाहीत.

शेंडीला राहायची सोय आहे, हे माहीत आहे. कोतूळला दोघांसाठी साधी, स्वच्छ खोली मिळेल का?

---

प्रतिसाद

ताई, मी अकोले तालुक्यातलाच आहे. तुमच्या बाबांना आधी रामराम सांगा. डांगी जनावरांचं नाव काढलंत म्हणून सविस्तर लिहितो.

नकाशात किलोमीटर बघू नका, नद्या बघा. आपल्याकडे नद्या पश्चिमेच्या डोंगरातून निघून पूर्वेकडे जातात. नदीबरोबर जाणारा रस्ता सोपा आणि एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जाणारा रस्ता म्हणजे घाट. तुमचा रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, म्हणजे तो दारणेच्या खोऱ्यातून प्रवरेच्या, तिथून मुळेच्या आणि शेवटी कुकडीच्या खोऱ्यात उतरतो. मधे तीन डोंगररांगा. पहिली बारीजवळ, कळसूबाईच्या कुशीत. दुसरी राजूर-अकोल्याच्या आणि कोतूळच्या मधे. तिसरी ब्राह्मणवाड्याच्या पुढे, ती हरिश्चंद्रगडाची रांग. या तिसऱ्या रांगेच्या अलीकडे पडलेलं पाणी गोदावरीला जातं आणि पलीकडचं भीमेला. तिथे थांबून बाबांना दाखवा, त्यांना नक्की माहीत असेल.

एका दिवसात एकच रांग ओलांडायची, एवढा नियम धरा. मग दिवस आपोआप ठरतात. पहिल्या दिवशी घोटीहून बारीमार्गे शेंडी. दुसऱ्या दिवशी सामान खोलीवर ठेवून रतनवाडीला जा, अमृतेश्वराचं दर्शन घ्या आणि परत या. गुडघ्याला विश्रांती मिळेल आणि तलावाच्या काठाचा रस्ताही बघून होईल. त्या दिवशी धरणाच्या भिंतीपाशीही थांबा. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालं. तिसऱ्या दिवशी रंधा धबधबा बघत राजूर, मुक्काम तिथेच. त्यांची ओळखीची माणसं निघतील, दुपार त्यातच जाईल. पेढे घ्यायला विसरू नका. चौथ्या दिवशी राजूरहून विठा घाट उतरून अकोले आणि तिथून कोतूळ. राजूरहून थेट डोंगरातून जायचा मोह होईल, पण अकोल्यावरून गेलात तर वाटेत दुकानं, दवाखाने आणि एसटी सगळं आहे. पाचव्या दिवशी कोतूळहून ब्राह्मणवाडा आणि घाट उतरून ओतूर. जुन्नर सहाव्या दिवशी.

कोतूळच्या खोलीचं मी गावात विचारून कळवतो. तिथे कोतुळेश्वराचं मंदिर आहे. बाबा पूर्वी सभामंडपात झोपले असतील तर आश्चर्य नाही.

दोन गोष्टी काळजीने सांगतो. तोवर साखर कारखाने चालू झालेले असतील. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अकोल्याच्या बाजूला आणि ओतूरपासून पुढे भरपूर लागतील. मागची ट्रॉली वळणावर आत कापते, त्यामुळे ट्रॅक्टर मागे आला की सरळ खाली उतरून उभं राहायचं. दुसरं म्हणजे बिबट्या. ऊस आहे तिथे तो आहे. बाबांना जुन्या सवयीने पहाटे पाचला निघावंसं वाटेल, पण नीट उजाडल्याशिवाय निघू नका आणि सहाला सूर्य बुडतो, तेव्हा साडेचारपर्यंत मुक्कामी पोचा.

---

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी फक्त सायकलीबद्दल लिहितो.

३८ आणि २८ पुरणार नाही. पायडलाच्या एका फेऱ्यात ही सायकल जवळजवळ तीन मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी दहाच्या वर वेग येतो. सामानासकट घाटात तो वेग बाबांना टिकवता येणार नाही. मग फेरे चाळीसवर येतात आणि प्रत्येक फेऱ्याला सगळा जोर गुडघ्यावर पडतो. पुढे २८ आणि मागे ३४ करून घ्या. एका फेऱ्यात पावणेदोन मीटर, म्हणजे त्याच साठ फेऱ्यांना ताशी सहा-सव्वासहा. चालण्यापेक्षा थोडंसंच जास्त, पण गुडघा वाचतो. मागचं डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ दात झेपणारं आहे का ते आधी तपासा, आणि चेनही नवी घ्या.

उतारावरचे ब्रेक: सतत दाबून ठेवले की रिम तापते, रबर विरघळतं आणि खरी गरज असते तेव्हा ब्रेक लागत नाहीत. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकाच वेळी दाबून वेग पुरता कमी करायचा आणि लगेच सोडायचे. वळणात ब्रेक नाही. बाबांना असं सांगा: बैलगाडी उतारावर आणताना कासरा सारखा ओढून धरत नाहीत, ओढतात आणि सोडतात. मधे दर दहा मिनिटांनी थांबा.

त्या दिवसांत भाताची मळणी चालू असते, काही ठिकाणी कडेला पेंढा पसरलेला असतो. त्यावर चाक घसरतं. शेताच्या कुंपणाचे बाभळीचे काटेही रस्त्यावर येतात, तेव्हा टायर निदान ३५ मिलिमीटरचे लावा. ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाने हवा भरता येत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो दोन घ्या. मी एकच घेतला होता आणि तो गवतात पडला.

कसाऱ्याला जीपवाले सायकली घेतात, भाडं आधी ठरवा. खाली गोणपाट टाका आणि दोरी आपली न्या.

---

(मूळ प्रश्नकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. नद्यांचं ऐकल्यावर त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला चारही नद्या काढल्या. तिसऱ्या रांगेवर एक ठिपका दिला. तिथे एक आंब्याचं झाड होतं म्हणे, त्याच्याखाली ते डबा खायचे. झाड अजून आहे का ते बघायचं आहे.

दिवस सहा ठरले. तीनचा हट्ट त्यांनी सोडला, त्याला कासऱ्याचं उदाहरण कारणीभूत आहे. "हा माणूस शेतकऱ्याचा असणार," एवढंच म्हणाले आणि काल पुलाच्या उतारावर ब्रेक ओढून-सोडून दाखवले. चक्रं बदलायला सायकल आज दुकानात दिली आहे. यावेळी मी समोर उभी राहणार आहे. पंधरा दिवस मुरबाडच्या रस्त्यावर नव्या गिअरवर चालवून बघू.

सहाव्या दिवसाबद्दल एक सांगते. जुन्नरला पोचून संध्याकाळच्या एसटीने परत यायचा विचार होता, पण आता तिथे मुक्काम करून सातव्या दिवशी सकाळी निघू. घाईघाईत सायकली टपावर चढवायला नकोत.

आता दोनच प्रश्न उरले. जुन्नरहून कल्याणकडे येणाऱ्या एसटीवर सायकल सध्या घेतात का? आणि राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन यंदा कोणत्या तारखांना आहे, हे अकोलेकर दादांना कळलं तर इथे लिहा. चार-सहा दिवसांचाच फरक पडत असेल तर मी रजा पुढे ढकलते. बाबांना अजून सांगितलेलं नाही.