कानाच्या थर्मामीटरला टोपण बनवतोय, पकड कुठे घेऊ?

निवृत्त_टर्नर (भोसरी)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत ३१ वर्षं लेथवर (वस्तू फिरवून कापायचं यंत्र) काढली, आता घरी असतो. काम छोटं आहे, पण अडलोय.

नात सव्वादोन वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना तिला तापात आकडी आली होती. तेव्हापासून घरात कानाचा थर्मामीटर आहे, कारण काखेतला ती मिनिटभर धरू देत नाही. कानाचा दोन सेकंदांत वाजतो, झोपेतही लावता येतो. त्याचं मूळचं टोपण दिवाळीच्या साफसफाईत हरवलं. मग तो ड्रॉवरमध्ये उघडाच पडून राहिला, खोबरेल तेलाची बाटली, बामच्या डब्या आणि कापराच्या पुडीशेजारी.

गेल्या महिन्यात एका रात्री पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि हा दाखवत होता ९९.३. दुसऱ्या कानात ९९.१. मी म्हणालो, फार नाही, झोपू द्या. सूनबाईला पटेना. तिने काखेत साधा डिजिटल लावला, तर १०२.८. औषध दिलं, रात्रभर बसलो, आकडी आली नाही. सकाळी टॉर्च मारून पाहिलं तर टोकाच्या खिडकीवर, म्हणजे भिंगावर, तेलकट थर आणि त्यावर बारीक धूळ. मायक्रोमीटर पुसल्याशिवाय कधी हातात घेतला नाही मी, आणि घरातलं सगळ्यात नाजूक मोजमाप तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवलं. ही गोष्ट मनातून जात नाही.

म्हणून टोपण मीच बनवायचं ठरवलं. मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथ मिळतो. व्हर्नियरने घेतलेली मापं अशी: टोकाचा व्यास ८.२ मिमी, मागे जाता जाता १६.८, या टेपरची (निमुळत्या भागाची) लांबी २३. टेपर संपला की एक सरळ कॉलर (गोल पट्टी) आहे, व्यास १९.४, रुंदी जेमतेम ४ मिमी. मग थर्मामीटरचं अंग सुरू होतं. याला फिल्मचं आवरण बसत नाही, भिंग उघडंच असतं.

पहिलं टोपण नायलॉनचं केलं. आतून हुबेहूब तोच टेपर घेतला, मोर्स टेपरसारखा (लेथमध्ये हत्यार नुसत्या घर्षणाने धरणारा निमुळता दांडा) धरेल या हिशेबाने. धरत नाही. उलटं केलं की पडतं, आणि जोराने दाबलं तर आतली बाजू टोकाच्या कडेला घासते. पकड घ्यायची कुठे? आणि मटेरियल कोणतं घेऊ?

साचेकार

काका, मोर्स टेपर धरतो कारण त्याचा कोन एका बाजूला दीड अंशाच्या आसपास असतो. तुमच्या मापांवरून हा साडेदहा अंशांचा निघतो. इतक्या उतारावर घर्षणाने काहीच थांबत नाही, टोपण स्वतःच घसरणार. टेपरवर पकड घेण्याचा नाद सोडा.

पकड कॉलरवरच घ्या. ४ मिमी पुरेशी आहे. आतून टेपर काढूच नका, तळापर्यंत सरळ बोअर (आतलं गोल भोक) घ्या. टोपणाच्या आतल्या पोकळीला टोकाचा आकार असायची काही गरज नाही. उलट जितकी मोकळी हवा तितकं बरं, कारण भिंगाला आणि त्याच्या कडेला कशाचाच स्पर्श व्हायला नको. टोकापुढे ३ मिमी तरी मोकळी ठेवा.

तोंडाशी आतून खाच घेऊन त्यात ओ-रिंग (रबराची गोल कडी) बसवा. आतला व्यास १९, जाडी १.५ मिळेल. खाचेचा व्यास २२.२ ठेवलात तर रिंग कॉलरवर हलकीच दाबली जाईल. बोटाने ओढलं की निघेल, ड्रॉवर उघडझाप केला तर नाही. टोपणाच्या तोंडाला काप देऊन लवचिक पाकळ्या काढायची पद्धतही आहे, पण त्या कापांतून धूळ आत जाते, आणि तुमचं भांडण धुळीशीच आहे.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा. नायलॉन नको, ते हवेतला ओलावा पिऊन फुगतं. मे महिन्यात बसलेलं माप जुलैत तसंच राहणार नाही. डेलरिनचा (एक टणक प्लास्टिक) रॉड घ्या, लेथवर लोण्यासारखा कापतो आणि ओलाव्याने फार हलत नाही. दुसरं, ओ-रिंगने तोंड बंद झालं की टोपण म्हणजे पिचकारी होते. घालताना आतली हवा भिंगावर दाबली जाते, काढताना बाहेरची धूळ आत ओढली जाते. त्यासाठी दीड मिलीमीटरचं एक भोक पाडा, समोर नाही, बाजूला, कॉलरच्या जवळ.

तिसरी सवयीची गोष्ट, तुमच्यासारख्या जुन्या माणसालाच सांगावी लागेल. ओ-रिंगला ग्रीस लावू नका. आपला हात आपोआप ग्रीसच्या डबीकडे जातो. सिलिकॉन ग्रीस हळूहळू पसरत जातं आणि त्याचा पातळ थर भिंगापर्यंत पोचू शकतो. रिंग कोरडीच बसवा.

कॅलिब्रेशनवाला

रीडिंग कमीच का आलं, हे काकांना कळलं तर टोपणाचं काम नेमकं कशासाठी आहे तेही ध्यानात येईल.

हा थर्मामीटर कानाच्या पडद्याला टेकत नाही. तो पडदा आणि कानाची आतली नळी यांतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं तो मोजतो. ३७ अंश सेल्सिअसच्या शरीरातून ती साधारण ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जोरदार असतात. आपल्या डोळ्याला जे पारदर्शक दिसतं ते या किरणांना पारदर्शक असेलच असं नाही. खिडकीची काच त्यांना भिंतीसारखी आडवी येते. तेलाचा थर, कानातला मळ, बोटाचा ठसा हेसुद्धा त्यांचा काही भाग गिळतात. वर तो थर स्वतः खोलीच्या तापमानाचा असतो, म्हणजे तुमच्या घरात २५-२८ अंशांचा. म्हणून आकडा खोलीकडे ओढला जातो, खाली. घाण भिंग ताप लपवतं, वाढवून सांगत नाही. लहान मुलाच्या बाबतीत हीच चूक महागात पडणारी.

आणि त्यावरूनच, टोपण कितीही पातळ आणि पारदर्शक केलंत तरी ते लावून ताप घेता येत नाही. काही मॉडेलला जे फिल्मचं आवरण लागतं ते खास त्या किरणांना वाट देईल इतकं पातळ असतं आणि ते धरूनच यंत्र कॅलिब्रेट केलेलं असतं. ती वेगळी वस्तू.

मुलांच्या_वॉर्डातली (रत्नागिरी)

काका, सूनबाईंना माझ्याकडून शाबासकी सांगा. हाताला मूल गरम लागतंय आणि यंत्र नाही म्हणतंय, तर दुसऱ्या यंत्राने तपासायचं. आम्ही नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो.

टोपण होईल तेव्हा होईल, आधी भिंग स्वच्छ करा. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, निथळता कामा नये, ओलसर हवी. भिंगावरून हलके फिरवा, मग कोरड्या काडीने पुसा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. अल्कोहोल उडताना भिंग गार पडतं, लगेच घेतलेलं रीडिंग पुन्हा कमी येईल. नंतर घरातल्या ठणठणीत माणसाच्या एकाच कानात तीनदा घेऊन बघा, आकडे जवळजवळ आले पाहिजेत.

कान ओढायला विसरू नका. वर्षाच्या आतल्या बाळाचा कान सरळ मागे, तुमच्या नातीएवढ्या मुलांचा मागे आणि वर. नळी सरळ झाली नाही तर टोक पडद्याऐवजी नळीची भिंत बघतं.

आता टोपणाविषयी माझी एकच काळजी. सव्वादोन वर्षांच्या पोरीच्या हाती ते लागणारच. आमच्याकडे पेनाची टोपणं, बाटल्यांची बुचं घशात गेलेली मुलं येतात. तुमचं टोपण किती मोठं होईल?

कॅलिब्रेशनवाला

ताईंनी बरोबर विचारलं. खेळण्यांच्या तपासणीत याचं माप ठरलेलं आहे. ३१.७ मिमी व्यासाचा एक नळकांड्यासारखा गेज (मापाचा साचा) असतो, तळ तिरका, खोली २५.४ पासून ५७.१ मिमीपर्यंत. वस्तू कोणत्याही बाजूने, न दाबता त्यात पूर्ण मावली तर ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची. काका, तुमच्याकडे लेथ आहे, पाइपचा तुकडा बोअर करून गेज घरीच बनवा.

निवृत्त_टर्नर (भोसरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

४० मिमीचा पांढरा डेलरिन रॉड आणला. बाहेरून २७, बोअर १९.७, खोली ३०. खाच २२.२ व्यासाची, १.९ रुंद. खाचेसाठी टूल स्वतः घासलं, तोंड अरुंद असल्याने तयार बोअरिंग बार (आतून कापायचं हत्यार) आत फिरेना. बंद टोकाला ३६ मिमीची चकती ठेवली आहे. ताईंच्या प्रश्नाने झोप उडाली होती, त्यातून ही चकती निघाली. घरी केलेल्या गेजमध्ये टोपण आडवं, उभं, तिरकं सगळं घालून पाहिलं, चकती तोंडावरच अडते. तिचे आणखी दोन फायदे झाले: टोपण टेबलावरून गडगडत नाही, आणि सूनबाईला एका हाताने ओढता येतं, दुसऱ्या हातात पोर असली तरी.

दुसरा नग फसला तो माझ्या घाईने. हवेचं भोक शेवटी ड्रिल केलं आणि त्याची बर (कापताना कडेला उरलेली कुसळं) आतल्या बाजूला तशीच राहिली. टोपण काढलं तर भिंगाच्या कडेवर पांढरी कुसळं. आता भोक आधी, बोअरचा शेवटचा पास नंतर. मग साबणाच्या पाण्याने धुऊन रात्रभर वाळवलं. ओ-रिंग कोरडी बसवली. ग्रीसची डबी हातात घेतली होती, साचेकार, खोटं कशाला बोलू. परत ठेवली.

भिंग पुसल्यावर माझ्या उजव्या कानात ९८.१, ९८.२, ९८.१. मग टोपण लावून तो आठ दिवस त्याच ड्रॉवरमध्ये ठेवला, तेलाची बाटली मुद्दाम तिथेच राहू दिली. आज टोपण काढून टॉर्चने पाहिलं, भिंग स्वच्छ. त्याच कानात ९८.२.

आता बाटली वरच्या फळीवर गेली आहे. आमच्या गल्लीतल्या पाळणाघरातल्या बाई त्यांचा थर्मामीटर घेऊन आल्या होत्या, त्याची कॉलर २१.१ आहे आणि तिला एका बाजूला चपटी (सपाट केलेली बाजू) आहे. अशा चपटीवर ओ-रिंग नीट बसेल का, साचेकार?

साचेकार

गोल रिंग चपटीपाशी फट सोडेल काका, पण धरेल. फट खालच्या बाजूला येईल असं बघा, आणि मग वेगळं भोक पाडू नका, त्या फटीतूनच हवा जाईल. चपटीची खोली मोजून टाका, माप बघून सांगतो.