रिफिल करणारा चिंधी नसतो, आणि प्रिंटरही मरत नाही

मिरजकर
काल हिशोबी यांनी लिहिलं, ‘शंभर रुपयांची शाई सिरिंजने भरून चार हजारांचा प्रिंटर मारणारे लोक चिंधी असतात. सरळ टँकवाला (शाईची टाकी असलेला) प्रिंटर घ्या.’ ते वाचलं आणि रात्री झोप उडाली. मी घरी दहावीच्या शिकवण्या घेतो, अकरा वर्षं रिफिल करतोय. लांबेल, पण लिहितो.

प्रिंटर मरतो कसा, ते सांगा आधी. कॅननच्या ७४५-७४६ किंवा एचपीच्या ८०३ नंबरच्या कार्ट्रिजला (शाईच्या डबीला) हेड, म्हणजे शाई सोडणारा छिद्रांचा भाग, तिथेच जोडलेलं असतं. छिद्रांमागे बारीक हीटर असतात, शाई तापून बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर पडतो. बिघडलं तर कार्ट्रिज जातं, मशीन नाही. आणि कार्ट्रिज जातं तेही बहुतेक वेळा आपल्याच हाताने. पान कोरं येईपर्यंत लोक छापत राहतात. शाईच नसली की हीटर कोरडा तापतो आणि जळतो. अक्षरं फिकी दिसली की त्याच दिवशी भरा.

७४५ मध्ये ८ मिली शाई येते. त्याला मी हजाराच्या वर मोजले. १०० मिलीची बाटली मला दोनशेच्या आत पडते. एका वेळी पाच-सहा मिलीच भरायची. लेबल सोलून सुई स्पंजमध्ये खोल घालायची आणि थेंब थेंब सोडायचं. भोकाशी शाई डोकावली की थांबायचं, थोडी परत ओढून घ्यायची. मग ओल्या टिशूवर हेड टेकवायचं. रंगीतचे तीन पट्टे वेगवेगळे उमटले पाहिजेत. तपकिरी डाग आला तर रंग एकमेकांत गेले समजा. कुठल्या भोकात कुठला रंग ते टूथपिक घालून बघा, अंदाजाने ओतू नका. ‘शाई संपली’ म्हणून अडून बसलं तर कॅननवर स्टॉपचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरायचं.

एक कार्ट्रिज माझ्याकडे सात-आठ वेळा भरलं जातं. मुलांना सराव प्रश्नपत्रिका फुकट देतो, त्या ह्याच्या जिवावर.

हिशोबी
‘चिंधी’ शब्द मागे घेतो, मुद्दा घेत नाही. तुम्ही फक्त हेड कार्ट्रिजला असलेल्या मशीनचं बोलताय. माझ्या बहिणीच्या मशीनमध्ये हेड आत बसवलेलं होतं. तिने बाजारातली शाई घातली, दोन महिन्यांत निळा बंद. दुरुस्तीचा आकडा ऐकून तिने मशीन भंगारात दिलं. ते पैसे मी दिले होते, म्हणून चिडून लिहिलं. टँकवाल्याच्या, एप्सनच्या ००३ काळ्या बाटलीत ६५ मिली, कंपनी ४५०० पानं सांगते. तुमच्या आठ मिलीत दोनशेही निघत नाहीत. सिरिंज धुण्यात रविवार घालवायचा तो कशाला?

पेठकर
मूळ रोग कुणीच बोलत नाही. मशीन स्वस्त विकायचं आणि शाईवर वसूल करायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट मशिन्सनी दुसऱ्या कंपन्यांची चिप (कार्ट्रिजची ओळख सांगणारा इलेक्ट्रॉनिक तुकडा) असलेली कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. ओरड झाल्यावर कंपनीला ते काढून टाकणारं फर्मवेअर (मशीनमधलं सॉफ्टवेअर) द्यावं लागलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ३० मे २०१७ ला लेक्समार्क ह्या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात सांगितलं की, कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला. मी विकत घेतलेल्या वस्तूत मी काय भरायचं हे कंपनी ठरवणार?

हिशोबी
तो निकाल तिकडचा. इथे त्याने बहिणीचं हेड सुटणार आहे का?

पेठकर
चिपचं तरी समजून घ्या. मूळ कार्ट्रिज मूळ चिपसकट भरलं तर त्या अडवणुकीत ते सापडत नाही. म्हणजे मिरजकर करतात तेच सगळ्यात सुरक्षित.

अक्षराची आई
हिशोबीदादा, टँकवाल्याला एकदम दहा-बारा हजार घालायचे आणि महिन्याला छापायची पंधरा पानं? नळ्यांमधली शाई पडून राहिली की तेही तुंबतं. हेड साफ केलं की शाई आतल्या पॅडमध्ये जाते, पॅड भरला की मशीन अडून बसतं. आणि ही पंधरा पानं तरी कशाला छापतो आम्ही? शाळेसाठी! रात्री पावणेदहाला ग्रुपवर निरोप येतो, ‘उद्या महाराष्ट्रातील किल्ले, किमान दहा रंगीत चित्रे.’ झेरॉक्सवाला नऊला शटर ओढतो. मुलगी तिसरीत आहे.

खडूफळा
ताई, सगळं शाळेवर ढकलू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मी सांगितलं, ‘पानं गोळा करून वहीत चिकटवा.’ तीस मुलांपैकी अठरा जणांनी पिंपळाच्या पानाचं चित्र छापून आणलं. शाळेच्या अंगणात पिंपळ आहे! पालकांनाच चकचकीत हवं असतं.

अक्षराची आई
तुमच्या अंगणात पिंपळ आहे सर, आमच्या तिसऱ्या मजल्यावर नाही. मागच्या वेळी शाई संपली होती. पोरीने पेन्सिलने रायगड काढला. नगारखाना, बुरूज, सगळं. अकरा वाजेपर्यंत बसली होती. लाल पेनाने शेरा आला, ‘चित्र स्पष्ट नाही.’ तिने ती वही महिनाभर उघडली नाही. तुम्ही मला पालकांना काय हवं असतं ते सांगू नका.

हिशोबी
स्टेशनरीच्या दुकानात पाच-दहा रुपयांना चित्रांचा चार्ट मिळतो, कापा आणि चिकटवा.

अक्षराची आई
त्यावर एकेक चित्र टपाल तिकिटाएवढं असतं. ते चिकटवलं तेव्हाही ‘मोठी चित्रे लावा’ आलं होतं.

खडूफळा
तो शेरा चुकीचा होता. माझ्याच पेशातल्या कुणीतरी दिलाय म्हणून जास्त लागतंय. पण तपासायला साठ वह्या असतात हेही बघा. आणि रात्री पावणेदहाचे निरोप वरूनच उशिरा आलेले असतात, आम्हालाही.

पेठकर
म्हणजे आता वरच्यांची चूक. मुलांच्या नावावर कार्ट्रिज विकली जातायत ते कुणी थांबवायचं?

खडूफळा
आम्हाला काय कमिशन मिळतं असं म्हणायचंय का? शब्द जपून वापरा.

मिरजकर
विषय शाईचा आहे. कृपा करा.

जुना रिफिलवाला
माझं रिफिलचं दुकान होतं, आता बंद आहे. मिरजकरांची पद्धत बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. ह्या कार्ट्रिजांत मूळ काळी शाई पिगमेंट (बारीक कणांची, पाण्याने सहज न ओघळणारी) असते, रंगीत डाय (पाण्यात विरघळणारी). सुरुवातीला मी सरसकट डायच भरायचो, स्वस्त म्हणून. एका जुलैत बारावीच्या पुरवणी परीक्षेचा मुलगा भिजत दुकानात आला. हॉल तिकिटावर सीट नंबरच्या जागी करडा ओघळ. ती प्रिंट मी भरलेल्या शाईची होती. दुसरी काढून दिली, पण त्याचे हात थरथरत होते ते अजून दिसतात. त्या दिवसापासून काळ्यात पिगमेंटच भरली.

मिरजकर
आत्ता उठून माझी बाटली बघितली. ‘डाय’ लिहिलंय. माझी मुलं पेनाने लिहितात, घामाच्या हाताने प्रश्नपत्रिका पुसट होतात, आणि मी कागदाला दोष देत होतो. पुढची बाटली पिगमेंटची.

हिशोबी
हे मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून मीही लिहितो. हेड कार्ट्रिजला असेल आणि छपाई कमी असेल तर भरा, माझी हरकत नाही. हेड आत असलेल्या मशीनला मात्र बाजारातली शाई घालू नका. तिथे मी हटणार नाही.

अक्षराची आई
मिरजकर, तुमचं वाचून आत्ता ओट्यावर बसून भरलं. टिशूवर लाल आणि निळा उमटतोय, पिवळा नाही. उद्या किल्ले आहेत.

मिरजकर
ताई, पुन्हा भरू नका. बशीत कोमट पाणी घ्या, नुसता तळ भिजेल एवढंच. हेड त्यात दोन मिनिटं टेकवा, मग टिशूवर दाबून धरा. पाठीमागचे तांबूस विजेचे पॉइंट ओले झाले तर पूर्ण वाळल्याशिवाय मशीनमध्ये बसवू नका. मी जागा आहे.